बिसखोपरा चावला तो शुक्रवार

मी मास्तर झालो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि पालीला भीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून लोकांनी मला धीराचा माणूस ठरवलं, आणि ते खरं नाही.

भीती लहानपणची. आम्ही तेव्हा हिंगोलीला राहत होतो. पाच-सहा वर्षांचा असेन. खुंटीवरची पैरण काढून अंगात घातली तर बाहीतून पाल निघाली आणि पाठीवर चढली. मी ओरडत हात मारला. पाल सुटून गेली, पण शेपटी माझ्या मुठीत राहिली, वळवळत. मूठ उघडायचं मला सुचेना. शेवटी आईने माझी बोटं एकेक करून सोडवली. त्यानंतर पाल, सरडा, सापसुरळी, काहीही दिसलं की त्या मुठीत पुन्हा वळवळ सुरू व्हायची. पावसाळ्याच्या तोंडावर सरड्यांचे गळे लालभडक होत. बाकीची पोरं ओरडायची, "पाह्य, लांबूनच तुहं रगत पिऊन राहिला!" आणि दगड घेऊन त्याच्यामागे लागायची. बेंबीतून रक्त जाऊ नये म्हणून मी पोटावर हात धरून उलट्या दिशेला पळायचो.

मोठ्या शाळेत गेलो तिथे विज्ञान शिकवणारे एक उस्ताद होते. एकदा वर्गाच्या भिंतीवर पाल चुकचुकली आणि मी बाकावरून उठून दारात जाऊन उभा राहिलो. सगळा वर्ग हसला. उस्ताद हसले नाहीत. सुटीनंतर त्यांनी मला घरी नेलं आणि कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. हिंगोलीला पूर्वी पलटणीची छावणी होती, तिथल्या कुणा साहेबाच्या मागे राहिलेलं ते पुस्तक होतं. "जिससे डर लगता है, उसे गौर से देखो," ते म्हणाले.

पुस्तक जगभरच्या सरड्यांचं होतं आणि त्यात रंगीत चित्रं होती. एक पोपटासारखा हिरवा, शेपटीची गुंडाळी करून फांदीला धरलेला. एकाचं डोकं शेंदरी आणि अंग निळं, तो आफ्रिकेतला. एक ऑस्ट्रेलियातला, चिडला की मानेभोवती छत्री उघडल्यासारखी कातडी फुलवणारा. दुसरा तिथलाच, निळी जीभ काढून दाखवणारा. शेवटून तिसऱ्या पानावर अमेरिकेच्या वाळवंटातला एक होता. काळा आणि केशरी, पट्ट्यापट्ट्यांचा, अंगावर मणी जडवल्यासारखी खडबडीत कातडी, जाड शेपटी. सुरुवातीला मी पान उलटताना चित्राला बोट लागू नये म्हणून कोपऱ्याला धरत असे. मग शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत गेलो. त्या केशरी प्राण्याखाली लिहिलं होतं की सरड्यांत विषारी असे फक्त दोनच, हा आणि याचा एक भाऊबंद, आणि दोघंही अमेरिकेतले. ही ओळ मी पाठ केली. तिने मला फार आधार दिला. भीती गेली नाही, पण भीतीला सांगायला माझ्याजवळ काहीतरी झालं.

नोकरी लागली ती डोंगरकडा नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात. निजामाचा अंमल होता. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, मराठीच्या जोडीला उर्दू शिकवायची, आणि सुटी शुक्रवारी. गावाने आम्हा नवराबायकोला राहायला दोन खोल्या आणि पुढे अंगण दिलं होतं. अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. शेजारी एक पिंजारी कुटुंब राहायचं. म्हातारा कापूस पिंजायला गावोगाव जायचा, आणि त्याची म्हातारी माझ्या बायकोला लेकीसारखी मानायची.

ते पुस्तक मी एकदा वर्गात नेलं. मुलं चित्रांवर तुटून पडली. मी त्यांना ती पाठ केलेली ओळ सांगितली: आपल्याकडची पाल, सरडा, घोरपड, यातलं काहीही विषारी नाही.

"आन बिसखोपरा?" एका पोरीने विचारलं.

बिसखोपरा म्हणजे दगडांच्या कपारीत, गोवऱ्यांच्या ढिगात राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जाडसर पाल. क्वचित दिसते. बिसखोपरा चावला की माणसाला पाणी मागायलाही उसंत मिळत नाही, असं तिकडे सगळे मानत. शिवाय असंही म्हणत की चावल्यावर तो पळत जाऊन मुततो आणि त्या मुतात लोळतो. माणसाने त्याच्याआधी अंघोळ केली तर माणूस वाचतो, तो आधी लोळला तर माणूस गेला.

"बिसखोपरासुद्धा नाही," मी म्हणालो.

ही गोष्ट त्या संध्याकाळीच गावभर झाली. गावात साप-विंचू उतरवणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना बाबा म्हणत. ते पारावर मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या बुकात काहीबी असंल. म्हया भनीच्या लेकानं कडबा काढता काढता हात घातला, बिसखोपरा चावला, आन सांजच्याला गेला. मीच व्हतो त्याच्यापाशी. लेकरायला असलं सांगू नका." ते रागाने बोलले नाहीत. मी मान हलवली आणि घरी आलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ज्येष्ठातला एक शुक्रवार. आभाळात ढग येऊन जात होते, पण पाऊस नव्हता. बायकोला सहावा महिना होता. गोवऱ्या भिजायच्या आधी आत आणून ठेवाव्यात म्हणून ती अंगणातल्या ढिगाशी गेली. मी आत मुलांच्या वह्या तपासत होतो.

तिची किंकाळी ऐकली आणि बाहेर आलो. ती उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत घट्ट धरून उभी होती.

"चावलं," ती म्हणाली. "अहो, मला चावलं."

"काय चावलं? साप?"

"साप न्हाई. पाय व्हते त्याला. काळं आन पिवळं. पट्टे पट्टे. शेपूट असं जाड."

मी तिचं बोट पाहिलं. पेरावर टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके, त्यातल्या दोनांतून रक्त आलं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं शेवटून तिसरं पान उभं राहिलं. काळा आणि केशरी, पट्ट्यापट्ट्यांचा, जाड शेपटीचा.

जी ओळ मी आठ वर्षं छातीशी धरून होतो ती त्या क्षणी फिरली. ते पुस्तक लिहिणारा साहेब डोंगरकड्याला आला होता का? आमच्या अंगणातल्या गोवऱ्या त्याने उचलून पाहिल्या होत्या का? पुस्तकभर आमच्या बिसखोपऱ्याचं चित्र नव्हतं, नाव नव्हतं. त्याला जे माहीतच नव्हतं त्याच्याबद्दल मी वर्गात छाती ठोकून बोललो होतो. मी तिला धरलं की तिने मला धरलं, हे आता सांगता येणार नाही.

किंकाळी ऐकून पिंजाऱ्याची म्हातारी धावत आली. बोट पाहिलं आणि तिने एकच विचारलं, "पानी? पानी टाकलं का?" उत्तराची वाट न बघता ती रांजणाकडे वळली आणि घागर भरून माझ्या बायकोच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. आणखी दोघी शेजारणी आल्या, त्यांनी त्यांच्या घरच्या घागरी आणल्या. बायको दगडावर बसून नखशिखान्त भिजत होती, पोट दोन्ही हातांनी धरून. तिचं अंग थरथरायला लागलं, दात वाजायला लागले.

"चढून राहिलं," एक शेजारीण म्हणाली. "पाहा, इख चढून राहिलं."

कुणीतरी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी बोटावर वरच्या बाजूला दोरी आवळून बांधली आणि लिंबाचा पाला तोडून तिच्या हातात दिला. "चाव, माय. कडू लागते का सांग."

तिने पाला चावला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे मी कधी विसरणार नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "कडू लागत न्हाई."

लिंब कडू लागला नाही म्हणजे विष भिनलं, हे तिकडच्या पोराटोरालाही ठाऊक होतं. बायका रडायला लागल्या. बाबा अंगणातल्या चुलीकडे वळले. चूल पेटलेलीच होती, त्यांनी तिच्यात विळा खुपसला.

"बोट जाईल," ते मला म्हणाले. "पन लेकरासकट जीव वाचंल. तुमी हो म्हना."

दवाखाना होता तो कळमनुरीला. बैलगाडीने अर्धा दिवस. तोवर काय उरणार होतं? मी तिथे उभा राहून हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण हो म्हटलं नाही. का कुणास ठाऊक, तिच्या मांडीवर पडलेल्या पाल्यातला एक झुबका उचलून मी तोंडात घातला आणि चावला.

काही चव लागली नाही. गवत चावावं तसं.

"बाबा," मी म्हणालो, "मलाही कडू लागत नाही."

"तुमी घाबरलात म्हनून."

"मग ती घाबरली नाही का?"

बाबा हट्टी होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी विळा चुलीतून काढला नाही, पण दगडावर टेकले. "मास्तर, म्या डोळ्यानं पाह्यलंय. ऊन डोक्यावर येऊ द्या. तवर थांबतो. मंग थांबनार न्हाई."

ऊन डोक्यावर यायला फार वेळ नव्हता. मी आत जाऊन पुस्तक आणलं, अंगणात दगडावर ते पान उघडून ठेवलं, वर खडा ठेवला आणि गोवऱ्यांच्या ढिगाशी गेलो. तो प्राणी बघितल्याशिवाय मला काही ठरवता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तो शोधून दिला नसता.

ढीग माझ्या कमरेएवढा होता. एकेक गोवरी उचलायची, उलटी करायची, बाजूला टाकायची. प्रत्येक गोवरीखाली तो असणार असं वाटायचं. झुरळ निघालं तरी माझा हात झटक्याने मागे यायचा. घाम डोळ्यांत उतरत होता आणि उजवी मूठ, लहानपणची ती मूठ, आपोआप आवळत होती. मागे म्हातारी बायकोशी बोलत होती ते ऐकू यायचं. "सो नको बेटी. डोळे उघडे ठेव. माझ्याकडे पाह्य." बायकोचा आवाज मात्र येत नव्हता. मी दर दोन-चार गोवऱ्यांनी मागे वळून ती बसली आहे ना बघायचो.

तळाच्या थरात, भिंतीच्या कडेला तो सापडला. वीतभर असेल. गोवरी उचलताच तो चारही पायांवर उंच झाला, पाठ कमानीसारखी केली आणि जाड शेपटी मांजरासारखी सावकाश हलवायला लागला. पिवळाधमक, त्यावर गडद तपकिरी पट्टे. डोळे मोठे, आणि त्याने पापण्या मिटून उघडल्या. माझ्याकडे बघून पापण्या मिचकावणारी पाल मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग त्याने तोंड वासून चिरका आवाज काढला. मी शेजारची दुरडी उपडी त्याच्यावर टाकली आणि दुरडीवर दोन्ही हात टेकून तसाच बसून राहिलो.

दुरडीच्या विणीतून आत बघायचं आणि दगडावरच्या चित्राकडे बघायचं, असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. चित्रातला केशरी, हा पिवळा. चित्रातल्याच्या अंगावर मणी, याच्याही पाठीवर बारीक पुटकुळ्या. तोही जाड शेपटीचा, हाही. चित्राखाली लांबी लिहिली होती, हा तिच्या निम्म्याहूनही कमी. पण हे पिल्लू असलं तर? मला काहीच कळेना. आठ वर्षं ज्या पुस्तकाने मला धीर दिला ते माझ्यासमोर उघडं होतं आणि त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तसे बाबा उठले. त्यांनी फडकं हाताला गुंडाळलं आणि चुलीतून विळा काढला. पातं लाल झालं होतं. बायकोने ते पाहिलं आणि हात पाठीमागे लपवला.

"थांबा," मी म्हणालो, आणि दुरडी एका बाजूने उचलून हात आत घातला.

लोक पुढे म्हणाले, मास्तरने विचार करून केलं. विचार कसला? मला हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. त्या दोन शब्दांची भीती इतकी मोठी झाली होती की हात आत घालणं सोपं वाटलं. त्याचं थंड, मऊ पोट माझ्या तळव्याला लागलं. मग करंगळीजवळ चिमटा बसला. मी हात बाहेर काढला तर तो बोटाला लोंबत होता, शेपटी हलवत. बायका ओरडत अंगणाबाहेर पळाल्या. मी हात झटकला, तो जमिनीवर पडला आणि पिंजाऱ्याच्या भिंतीच्या भेगेत शिरला.

माझ्या बोटावर तसेच चार-पाच ठिपके उमटले.

"मास्तर, हे काय केलं!" बाबांच्या हातातला विळा खाली आला.

"आता तुम्ही आम्हा दोघांकडे बघा," मी म्हणालो. "ती भिजल्यामुळे थरथरतेय, मी कोरडा आहे. मला हुडहुडी भरली, मी पडलो, तर तिचं बोट कापा. तोवर हात लावू नका."

हे वाक्य मी ठामपणे बोललो असं लोक सांगतात. मला आठवतं ते असं की मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो, कारण उभं राहता येत नव्हतं. मग म्हातारीला सांगून बायकोला कोरडं लुगडं नेसवायला लावलं आणि अंगावर घोंगडी घालायला लावली. ती माझ्यापासून चार हातांवर बसली. बाबा आमच्यामध्ये. माझ्या कानात रक्त ठणकत होतं आणि प्रत्येक ठणक्याला मला वाटायचं, हेच ते, आता सुरू झालं. बोट बधिर झाल्यासारखं वाटलं. जीभ जड वाटली. डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं वाटलं. एकदा तर मी मनात आईला हाक मारली. बाबांनी दोनदा माझी नाडी धरून पाहिली, दोनदा तिची. बहुधा बहिणीचा लेक त्यांना पुन्हा दिसत असावा.

ऊन कललं. डोंगरकड्याला नमाजाला गेलेला पिंजारी परत आला, दारात थबकला, आणि कुणी काही न सांगताच आमच्याजवळ येऊन बसला. बायकोची थरथर केव्हा थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही. म्हातारीच्या लक्षात आलं. तिने पुन्हा पाला तोडून तिच्या तोंडात दिला.

बायकोने तोंड वाकडं केलं. "थू! लई कडू हाय!"

म्हातारी एकदम रडायला लागली. बाबांनी तिच्या बोटाची दोरी सोडली. बोट जांभळं पडलं होतं ते त्या दोरीने, आणि पुढे आठवडाभर दुखलं तेही तेवढ्यानेच. बाबांनी मलाही पाला दिला. मी चावला. इतका कडू लिंब मी पुन्हा कधी खाल्लेला नाही. मी तो गिळून टाकला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मला वाटलं, बायको आता काहीतरी प्रेमाचं बोलेल. तिच्यासाठी मी हात घातला होता ना! तिने भाकरी केल्या, मला वाढलं, आणि समोर बसली.

"तुमाला काही झालं असतं तर?" ती म्हणाली.

"पण झालं नाही."

"माझं बोट गेलं असतं तर गेलं असतं. नऊ राहिले असते. तुमी गेले असते तर मी आन हे लेकरू कुणाच्या दारात जाणार व्हतो? काहून घातला हात? मला विचारलं व्हतं का?"

मी तिच्याबरोबर मरायला तयार झालो हे मला फार मोठं वाटत होतं. तिच्या बाजूने ते तिला मागे टाकून जाणं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

बाबांनी गावात सांगितलं ते वेगळंच. बिसखोपऱ्याने इख तिच्या बोटात टाकलं, ते घागरींच्या पाण्याने धुऊन गेलं, आणि मास्तरला चावला तेव्हा त्याच्यात इख उरलंच नव्हतं. गावाला हे पटलं. पुढे दोन वर्षं मी त्या गावात होतो, लोक गोवऱ्या काढताना आधी काठीने ढीग ठोकायचे आणि अंगणात भरलेली घागर ठेवायचे. मी वर्गात त्या विषयावर पुन्हा बोललो तेव्हा एवढंच म्हणालो की मला चावला आणि मी जिवंत आहे, यापलीकडे मला ठाऊक नाही. बाबांच्या भाच्याला कडब्यात काय चावलं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मण्यार असावी असं वाटतं. पण त्यांना ते मी कधी बोललो नाही.

भाद्रपदाच्या शेवटी आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणाला बायको माहेरी गेली होती. निरोप आला तसा मी निघालो आणि संध्याकाळी तिथे पोचलो. तिने मुलगी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट धरा. हात थरथर कापून राहिले तुमचे."